चौथं भावंड दारात उभं राहतं तेव्हा

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. कादंबरीची २१२ पानं झाली आहेत. वडील गेल्यावर तीन भावंडं जुनं घर रिकामं करायला एकत्र येतात: ५२ वर्षांची थोरली बहीण, ४७ वर्षांचा भाऊ आणि ३९ वर्षांची धाकटी. १९०व्या पानावर एका पत्रातून कळतं की वडिलांना आणखी एक मुलगी आहे, आता ४३ वर्षांची. शेवटच्या प्रकरणात चौघं मिळून घर न विकता दुरुस्त करायचं ठरवतात. ज्या तिघांना वाचायला दिलं त्यांचं म्हणणं, शेवट चिकटवल्यासारखा वाटतो आणि सगळी भावंडं एकाच आवाजात बोलतात. आणि तुमचा प्रश्न असा: गुपित आणखी धक्कादायक केलं तर हे सुटेल का?

नाही सुटणार. गुपित आहे तेवढं पुरे आहे. गेली २२ वर्षं मी कादंबऱ्यांची हस्तलिखितं संपादित करते आणि कौटुंबिक गुपिताच्या कादंबऱ्या त्यात सतत येत असतात. त्या अडतात तेव्हा गुपित लहान असतं म्हणून क्वचितच अडतात. तुमच्याकडे झालंय असं की १९० पानं हे गुपित कुणाच्याही आयुष्यात काहीच करत नाही. पत्र पेटीत पडून आहे आणि पेटी उघडायची वाट बघत आहे. पण ज्या घरातून ४३ वर्षं कुणासाठी तरी चोरून पैसे जात होते, त्या घरात ती गोष्ट कुठेतरी उमटलेली असणारच. कुणाच्या तरी फीमध्ये, एखाद्या रद्द झालेल्या प्रवासात, आईबाबा अचानक एकमेकांशी अतिसभ्य वागू लागले त्या वर्षात. तो ठसा तुमच्या पहिल्या १९० पानांत नाही. त्यामुळे पत्र सापडतं तेव्हा वाचकाला एक बातमी कळते, एवढंच. आधी वाचलेलं काहीही त्या बातमीने बदलत नाही.

पुढे जाण्याआधी काही गोष्टी तुमच्यावर अवलंबून आहेत, त्या मांडते. कथा कोण सांगतंय? तुम्ही पाठवलेल्या भागात सर्वसाक्षी निवेदक आहे, पण तो बहुतेक वेळ धाकटीच्या खांद्यावर बसलेला आहे. तिचंच निवेदन करायचं ठरवलंत तर गुपित उशिरा उघडणं न्याय्य ठरेल, कारण घडलं तेव्हा ती जन्मलेलीच नव्हती. थोरली सांगत असेल तर मात्र उशीर केलेला चालणार नाही. दुसरी गोष्ट आईची. ती ७६ वर्षांची आहे, जिवंत आहे, आणि २१२ पानांत तिला चार पानं मिळाली आहेत. तिला हे माहीत होतं की नाही, ते तुम्ही ठरवलेलंच नाही असं मला वाटतं. माझा कौल ‘माहीत होतं’ला. इतकी वर्षं दर महिन्याला पैसे बाहेर जातात आणि घर चालवणाऱ्या बाईला खर्चातलं भगदाड दिसत नाही, हे वाचक मानणार नाही. पण तिला खरंच माहीत नव्हतं असं तुम्हाला लिहायचं असेल, तर पैसे येत कुठून होते याची सोय आधीच करून ठेवावी लागेल. पुढचं सगळं मी तिला माहीत होतं असं धरून लिहितेय.

आता गुपिताची जागा. मी या बाबतीत एक चूक केलेली आहे. सुरुवातीच्या वर्षांत एका लेखकाचं असंच हस्तलिखित माझ्याकडे आलं होतं. त्यात गुपित पहिल्या एक तृतीयांश भागातच फुटत होतं. मी त्यांना ते मागे ढकलायला लावलं. उत्सुकता टिकेल, वाचक पानं उलटत राहील, असं मी सांगितलं आणि त्यांनी विश्वासाने तसं केलं. नवा खर्डा आला तो आधीपेक्षा पोकळ होता. उत्सुकता टिकवायची म्हणून प्रत्येक पात्राला बोलता बोलता गप्प व्हावं लागत होतं, प्रत्येक संवाद दाराची कडी वाजल्यामुळे तुटत होता. आणि ज्यासाठी ते सगळं लिहिलं होतं, म्हणजे कळल्यानंतर ही माणसं एकमेकांकडे कशी बघतात, त्याला वीस पानं उरली होती. आम्ही ते परत पुढे आणलं. त्या लेखकाचे आठ महिने माझ्या सल्ल्यामुळे गेले आणि ती खंत मला अजून आहे, म्हणून तुम्हाला इतकं ठासून सांगतेय: पत्र ७०व्या पानाच्या आसपास सापडू द्या. असलं गुपित सराईत वाचक तसाही ५०व्या पानापर्यंत ओळखतो. तो ओळखून बसला की पुढची १४० पानं त्याला पात्रांपेक्षा शहाणं व्हावं लागतं, आणि तो कंटाळतो.

पत्र पुढे आणलंत की मधल्या जागेत काय भरायचं, हा प्रश्न येईल. त्यासाठी कागदावर एक तक्ता करा. डावीकडे वर्षं, वर चार मुलांची आणि आईवडिलांची नावं, आणि प्रत्येक चौकटीत त्या वर्षीचं वय. चौथ्या मुलीचा जन्म झाला तेव्हा थोरली ९ वर्षांची होती, भाऊ ४ वर्षांचा, आणि धाकटी जन्मायला अजून ४ वर्षं होती. हे आकडे तुमच्याकडे आधीपासून आहेत, पण तुम्ही ते वापरलेले नाहीत. ९ वर्षांच्या मुलीला घरात काय चाललंय याचा अर्थ लागत नाही, पण आवाज आणि चेहरे तिच्या डोक्यात पक्के बसतात. आई तीन आठवडे माहेरी गेली, बाबा रात्री दिवा न लावता बसायचे, हे तिला आठवत असणार. ४ वर्षांच्या मुलाला तुकडे आठवतील: एक बॅग, एक जिना, कुणीतरी त्याला कडेवरून खाली ठेवलं तो क्षण. आणि धाकटीला त्या काळातलं काहीच ठाऊक नाही, कारण ती त्या भांडणानंतरच्या समेटातून जन्मलेली आहे.

हे शेवटचं वाक्य तुमच्या हातातली सगळ्यात मौल्यवान गोष्ट आहे आणि ती तुमच्या लक्षात आलेली नाही असं मला वाटतं. आईवडिलांनी ४० वर्षांपूर्वी नव्याने सुरुवात केली होती. तिची अट होती गप्प राहणं, आणि तिचं फळ म्हणजे धाकटी. जिला सगळेजण घरातलं लाडकं, बिनओझ्याचं मूल समजत आले, तिला एका संध्याकाळी तारखा जुळवताना कळतं की आपण त्या तहाचा भाग आहोत. हे दृश्य कादंबरीत नाही. ते लिहा. पत्र सापडण्यापेक्षा हे मोठं आहे.

तक्त्यात आणखी एक ओळ घाला: गुपिताने प्रत्येकाकडून काय घेतलं. अगदी ठोस. थोरलीला बाहेरगावी शिकायला जायचं होतं आणि पैसे नाहीत म्हणून जाता आलं नाही, एवढं तुमच्या ३०व्या पानावर आहेच. ती ते ‘परिस्थिती’ म्हणून पचवून बसली आहे. पत्रानंतर तिला कळतं की पैसे होते, ते दुसरीकडे गेले. आता तिचा राग कुणावर? वडिलांवर, की जिने तो पैसा खाल्ला त्या मुलीवर, जी तेव्हा प्राथमिक शाळेत होती? आणि ती मुलगी समोर येऊन सांगते की तिलाही शिक्षण अर्धवट सोडावं लागलं. दोघींची फी एकाच खिशातून जात होती आणि दोघींनाही पुरली नाही. या दोघींना एका खोलीत बसवा आणि त्यांना कुणी मध्ये येऊ देऊ नका.

आठवणींबद्दल थोडं जास्त सांगते, कारण तुमची भावंडं भूतकाळावर फार चटकन एकमत करतात. खऱ्या घरात तसं होत नाही. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि त्यांच्या सहकारी जॅकलिन पिक्रेल यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात २४ जणांना त्यांच्या लहानपणच्या चार घटना लिहून दिल्या होत्या. तीन खऱ्या, घरच्यांकडून विचारून घेतलेल्या. चौथी, खरेदीच्या ठिकाणी हरवल्याची, बनवलेली. साधारण एक चतुर्थांश लोकांना ती न घडलेली घटना पूर्ण किंवा अर्धवट ‘आठवली’. या कल्पनेची पहिली चाचणी तर एका विद्यार्थ्याने स्वतःच्या धाकट्या भावावर घेतली होती. कादंबरीकारासाठी यातली कामाची गोष्ट ही की भावंडं एकमेकांच्या आठवणी घडवतात. तुमच्या भावाला आठवणारा तो जिना कदाचित थोरलीने त्याला सांगितलेला जिना असेल. दोघांचं भांडण तिथे होऊ द्या. ‘तू तिथे नव्हतास’ हे एक वाक्य भावंडांमध्ये किती खोल जातं, ते बघा.

वडिलांचं बोलायचं तर पूर्वस्मृतीच्या प्रकरणांत तुम्ही त्यांना सतत खोटं बोलताना दाखवलंय. ते कमी करा. मानसशास्त्रज्ञ मायकेल स्लेपियन यांच्या गटाचं २०१७ मधलं संशोधन सांगतं की माणसं आपलं गुपित प्रत्यक्ष लपवण्याच्या प्रसंगात जितक्यांदा सापडतात, त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा ते एकटी असताना त्यांच्या मनात येतं. माझ्या वाचनाशीही हे जुळतं. खोटं बोलणारा बाप लगेच ओळखू येतो आणि वाचक त्याला निकालात काढतो. जेवता जेवता हात थांबलेला, मुलीने दोनदा विचारल्यावर ‘काय म्हणालीस?’ म्हणणारा बाप जास्त काळ लक्षात राहतो.

आता एकसारख्या आवाजांची तक्रार. सगळ्यात आधी जन्मक्रमावरून स्वभाव वाटायचं थांबवा: थोरली जबाबदार, मधला दुर्लक्षित, धाकटी हट्टी. २०१५ साली अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतल्या २०,०००हून अधिक लोकांच्या माहितीवर झालेल्या अभ्यासात जन्मक्रमाचा स्वभावावर म्हणण्याजोगा परिणाम दिसला नाही. घरातली भूमिका मात्र खरी असते, आणि ती माणूस घराबाहेर टाकून देतो. तुमची थोरली कार्यालयात विसरभोळी, हसरी असू शकते आणि उंबरठा ओलांडला की तिची मान ताठ होते. तो बदल दाखवला की ती जिवंत होईल.

आवाज वेगळे करण्यासाठी मराठीतच इतकी साधनं आहेत की बाहेर शोधायला नको. एकच वाक्य तिघांना द्या. थोरली म्हणेल, ‘बाबा तेव्हा बाहेरगावी होते.’ भाऊ म्हणेल, ‘बाबा तेव्हा बाहेरगावी असावेत.’ धाकटी म्हणेल, ‘बाबा तेव्हा बाहेरगावी होते म्हणे.’ पाहिलेलं, अंदाजाने जोडलेलं आणि ऐकीव. तिघांचं घराशी असलेलं नातं क्रियापदाच्या शेपटीत आलं. आणि कादंबरीच्या उत्तरार्धात धाकटीच्या तोंडचं ‘म्हणे’ गळून पडू द्या, थोरलीच्या तोंडी येऊ द्या. ‘आपलं घर सुखी होतं म्हणे’ हे थोरली म्हणाली तर मला वेगळं काही सांगायची गरज उरणार नाही.

दुसरं साधन ‘आपला’ आणि ‘आमचा’. भावंडं एकमेकांशी बोलताना ‘आपले बाबा’ म्हणतात. चौथी येते तेव्हा तिघं तिच्यासमोर ‘आमचे बाबा’ म्हणतील, आणि त्या एका शब्दाने तिला दाराबाहेर उभं करतील. कदाचित त्यांच्या लक्षातही येणार नाही. ती काय म्हणेल? ‘माझे वडील’ म्हणायची तिला सवय आहे, पण या घरात ते म्हणायची हिंमत होणार नाही. ती नावाने बोलेल, ‘ते’ म्हणेल, वाक्यं अर्धी सोडेल. तुमच्या खर्ड्यात ती पहिल्याच भेटीत ‘आपले बाबा’ म्हणते आणि कुणी दचकत नाही. तिथेच वाचकाचा विश्वास सुटतो. हाक मारण्याचंही तसंच. ४३ वर्षांच्या अनोळखी बाईला ३९ वर्षांची धाकटी ताई म्हणणार का? ती वयाने मोठी आहे, म्हणजे शब्द उपलब्ध आहे. म्हणून तो टाळणं कानाला जास्त लागतं. आणि ‘तू’ की ‘तुम्ही’? तिघांचं उत्तर तीन तऱ्हेचं असू द्या.

तुमच्या पत्रात एक चूक आहे, ती आत्ताच दुरुस्त करा. पत्राखाली फक्त एक अक्षर आहे, आणि भावंडं दोन पानं वाद घालतात की लिहिणारा पुरुष की बाई. पण पत्राची दुसरीच ओळ आहे, ‘मी वाट बघते.’ वाद तिथेच संपला. आपल्या भाषेत लिंग लपवणं सोपं नाही, पण जमतं. ‘मी येईन’, ‘मी येऊ का’, ‘मी पत्र लिहिलं होतं’, ‘मला पैसे मिळाले’, ‘मी वाट बघत असे’ यांतून काही कळत नाही. ‘मी आले’, ‘मी राहते’, ‘मी थकले’ यांतून कळतं. सगळं पत्र या चाळणीतून काढा. किंवा उलटा खेळ करा: संपूर्ण पत्र सावधपणे लिहिलेलं आणि शेवटच्या ओळीत लिहिणारीचा तोल जाऊन एक ‘थकले’ निसटलेलं. मला हे जास्त आवडेल.

पुराव्याबद्दलही तुम्ही विचारलंय, रक्तगटावरून नातं सिद्ध झालेलं दाखवलं तर चालेल का. जपून. आईवडील दोघंही ‘ओ’ गटाचे आणि मूल ‘ए’ किंवा ‘बी’ असं सहसा होत नाही, हे बरोबर. पण ‘बॉम्बे’ रक्तगट म्हणून जो दुर्मीळ प्रकार १९५२ साली डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्यांदा नोंदवला, त्यातला माणूस साध्या तपासणीत ‘ओ’ दिसतो आणि तरी ‘ए’ किंवा ‘बी’चं जनुक पुढच्या पिढीला देऊ शकतो. शिवाय गट जुळला तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही; एका गटाची माणसं लाखोंनी असतात. डीएनए तपासणी जास्त भक्कम, पण तीही आकडा देते. सख्ख्या भावंडांचं सरासरी सुमारे ५० टक्के जुळतं, सावत्रांचं सुमारे २५ टक्के, चुलत भावंडांचं सुमारे साडेबारा टक्के, आणि प्रत्यक्ष आकडा या सरासरीच्या पुढेमागे होतो. नातं कोणतं, हे घरातल्या माणसांनी बोलल्यावरच पक्कं होतं. तुमच्या भावाला, जो सगळ्यात जास्त नाकारतोय, सावत्र आणि चुलत यांच्या मधला आकडा हातात द्या. ‘ती काकाची असेल’ असं म्हणायला त्याला जागा मिळेल, आणि ती जागा फक्त आई बंद करू शकेल. आईला बोलायला लावायचं कारण तुम्हाला आयतं मिळालं.

इथवरचं एकत्र करते: पत्र ७०च्या आसपास, तक्त्यावरून प्रत्येकाची किंमत, धाकटीचा तारखा जुळवण्याचा प्रसंग, मग थोरली आणि चौथी समोरासमोर, आणि भावाच्या हट्टामुळे आईचं बोलणं. तुमची १९० ते २१२ ही पानं आता १५० पानं झाली.

राहिली नवी सुरुवात. घर दुरुस्त करण्याचा बेत मला मुळात वाईट वाटत नाही, पण तो चौघांना फुकटात मिळालाय. चाळिशी-पन्नाशीतली माणसं नवी सुरुवात करतात ती जुन्याच सामानावर. कुणाचं कर्ज आहे, कुणाचा गुडघा दुखतो, कुणाच्या नवऱ्याला हे घर विकून पैसे हवे आहेत. त्यातला प्रत्येकजण काय सोडून इथे थांबतो ते लिहिल्याशिवाय तो बेत कागदावरच राहील. आणि चौघांनी थांबावंच असं नाही. माझ्या मते भाऊ जाईल. तो वाईट आहे म्हणून नाही. त्याच्या वाटणीचा बाप त्याला तुटलेलाच हवा आहे आणि तो तसा ठेवण्याचा त्याला हक्क आहे. त्याला माफ करायला लावू नका. जाताना त्याने एक वस्तू मागितली तर पुरे, वडिलांचं घड्याळ किंवा अशीच काही, आणि ती नेमकी चौथीला हवी असलेली निघाली तर फारच चांगलं.

आईवडिलांनी गप्प राहून सुरुवात केली होती हे वाचकाला एकदा कळलं, की शेवटी तो एकच गोष्ट बघत बसेल: ही मुलं गप्प राहतात की बोलतात. म्हणून शेवटचा प्रसंग दुरुस्तीच्या विटा-सिमेंटवर न्यायची गरज नाही. धाकटीला ११ वर्षांची मुलगी आहे, ती तुमच्या २२व्या पानावर एकदा दिसते आणि मग हरवते. तिला परत आणा. ती आत येते, टेबलाशी बसलेल्या अनोळखी बाईकडे बघते आणि विचारते, ‘या कोण?’ थोरली तिथे आहे, आई तिथे आहे, धाकटीच्या हातात काहीतरी आहे. उत्तर कोण देतं आणि त्यात ‘आमची’ येतं, ‘आपली’ येतं की आणखी काही, ते मी सुचवणार नाही. आधी तो प्रसंग लिहून काढा, तीन-चार वेगवेगळ्या माणसांच्या तोंडी उत्तर देऊन, आणि मग पहिल्या पानाकडे परत जा.